आधी दारू सोडवायची की आधी डिप्रेशनवर उपचार करायचे?

नमस्कार. "आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू." पिणाऱ्याच्या घरी हे हमखास ऐकू येतं. मानसोपचारासाठी गेलं की कधीकधी उलटं सांगतात, आधी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन या. या हेलपाट्यांत वर्षं जातात आणि माणूस खचत जातो. माझं म्हणणं स्पष्ट आहे : दोन्ही आजार आहेत, तर उपचार दोन्हींवर एकाच वेळी हवेत, शक्यतो एकाच टीमकडून.

कारण बघा. मन उदास, झोप नाही, म्हणून क्वार्टर लागते. डोळा लागतोही. पण पहाटे दारू उतरते, टक्क जाग येते, छातीत धडधड आदल्या दिवसापेक्षा जास्त. मग सकाळीच घोट. यातलं एकच धरलं तर दुसरं त्याला पुन्हा ओढून आणतं.

आता निदान. निव्वळ दारूमुळे आलेली उदासी, दारू बंद झाल्यावर बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही टिकली, तर डिप्रेशन हा वेगळा आजार असू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना लिहून न्या : आधी काय सुरू झालं, पिणं बंद होतं त्या काळात मन कसं होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. मात्र आत्महत्येचं बोलणं असेल, कानात आवाज येत असतील, तर एक दिवसही थांबू नका.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे माणूस बरळतो, त्याला भिंतीवर किडे दिसतात. लोक म्हणतात, बाहेरचं झालंय. नाही हो, ही जिवावरची वेळ आहे, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि जेवणात गुपचूप औषध मिसळणं? हात जोडून सांगते, नको. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी पोटात असताना तो प्यायला तर बीपी कोसळू शकतं, आणि भास-भ्रमाचा आजार असेल तर तोही बळावू शकतो.

"गोळ्या म्हणजेसुद्धा नशाच" असं म्हणून कुणी डिप्रेशनची औषधं बंद करायला लावतं. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी 1934 मध्ये दारू सोडली, ती कायमची. तरी 1944 पासून पुढे दहाएक वर्षं त्यांना तीव्र नैराश्याने छळलं. सोडल्यावरही मन आजारी असू शकतं, आणि त्याला औषध लागू शकतं. डिप्रेशनच्या या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, फक्त त्या मनाने बंद करायच्या नाहीत.

केंद्र निवडताना एवढं विचारा : मानसोपचार तज्ज्ञ किती वेळा येतात? चालू गोळ्या तिथे देणार का? स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, तर हाकलणार की पुन्हा घेणार?

कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालतो.