आर्ची बंकरला नेमकं कोण हसलं?

१२ जानेवारी १९७१, मंगळवारची रात्र. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर एक नवी विनोदी मालिका सुरू होणार होती, 'ऑल इन द फॅमिली'. पहिला प्रसंग दिसण्याआधी पडद्यावर एक सूचना झळकली. आपल्या मनातले पूर्वग्रह किती हास्यास्पद असतात हे आम्हाला हसतखेळत दाखवायचं आहे, अशा अर्थाची. तक्रारींचा पाऊस पडेल या धास्तीने वाहिनीने फोनवर जादा माणसंही बसवली होती. कशाला हसायचं हे आधीच बजावून सांगावं लागलं, म्हणजे प्रेक्षक भलत्याच गोष्टीला हसतील ही भीती पहिल्या दिवसापासून होती.

न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. ७०४, हाउजर स्ट्रीट. इथे राहतो आर्ची बंकर, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांवरचा मुकादम. काळे, ज्यू, परदेशातून आलेले, कुणीही त्याच्या तोंडून सुटत नाही. बायकोला, ईडिथला, तो धड बोलूही देत नाही. मुलगी ग्लोरिया आणि जावई माइक त्याच घरात राहतात. माइक अजून शिकतोय. समतेवरून, व्हिएतनामच्या युद्धावरून तो सासऱ्याला चांगलं सुनावतो, आणि तेही सासऱ्याच्याच टेबलावर, सासऱ्याच्याच पैशाचं जेवत. घरजावयाचा उपदेश सासऱ्याच्या कानाला कसा लागतो, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगायला नको.

मालिकेचा कर्ता नॉर्मन लिअर. मूळ कल्पना ब्रिटनमधल्या बीबीसीच्या मालिकेवरून घेतलेली, पण आर्चीत लिअरने आपले वडील ओतले होते. लिअर स्वतः उदारमतवादी, आर्चीचं काम करणारा कॅरल ओ'कॉनरही त्याच विचारांचा. आर्चीच्या मतांचं हसं व्हावं, हा हेतू उघड होता.

१९७२ सालचा एक भाग पाहू. गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर यात स्वतःच्याच भूमिकेत आहे. काळा, ज्यू धर्म स्वीकारलेला, एक डोळा काचेचा. आर्ची वरकमाईसाठी टॅक्सी चालवतो, सॅमीची बॅग त्याच्या टॅक्सीत राहते आणि ती न्यायला तो थेट आर्चीच्या घरी येतो. आर्ची ईडिथला आधीच दम भरून ठेवतो, त्या डोळ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि कॉफी देताना स्वतःच विचारून बसतो, डोळ्यात दूध-साखर घेणार का? निघताना दोघांचा फोटो काढायचा ठरतं. एक, दोन, तीन, आणि नेमक्या त्या क्षणी सॅमी आर्चीच्या गालाचा मुका घेतो. हशा थांबता थांबत नाही.

हा हशा यंत्रातून सोडलेला नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांचा आहे. गर्विष्ठाची बरी जिरली म्हणून त्यातले काही हसले असतील. बिचाऱ्या आर्चीवर काय प्रसंग आला म्हणूनही काही हसले असतील. ध्वनिफितीवर दोघांचा आवाज एकच येतो.

वाद आधीच पेटला होता. सप्टेंबर १९७१ मध्ये लॉरा हॉब्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये मालिकेवर कडक लेख लिहिला. ज्यूद्वेषावर १९४७ मध्ये कादंबरी लिहिलेल्या या लेखिका. त्यांचं म्हणणं असं, की द्वेष करणारा माणूस गोड करून दाखवला की द्वेषही गोड वाटायला लागतो. शिवाय आर्चीसारखी माणसं खऱ्या आयुष्यात ज्या घाणेरड्या शिव्या देतात, त्यातल्या सगळ्यांत विखारी तर मालिकेने गाळूनच टाकल्या आहेत. लिअरने त्याच वर्तमानपत्रात उत्तर दिलं. असा द्वेष प्रेमळ माणसांतही असतो, हे त्याने स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

मग नील विडमर आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांनाच गाठलं. अमेरिकेतली किशोरवयीन मुलं आणि कॅनडातली प्रौढ माणसं. अभ्यास १९७४ मध्ये छापून आला. मालिका दोन्ही बाजूंच्या लोकांना आवडत होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीचं बोलणं जास्त पटत होतं आणि वादात शेवटी तोच जिंकतो असं वाटत होतं. माइक त्यांच्या दृष्टीने हास्यास्पद. उलट बाजूचे लोक तेच भाग बघून आर्चीची फजिती पाहत होते.

म्हणूनच 'त्याला विनोदच कळत नाही' हे आपलं नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. विनोद दोघांनाही कळला होता. त्यातला मूर्ख कोण, यावर त्यांचं जमत नव्हतं.

काहींना तर हसूच आलं नाही. मे १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन व्हाइट हाउसमध्ये आपल्या सहाय्यकांपुढे एका भागावर चिडून बोलत होते. ते बोलणं त्यांच्याच ध्वनिमुद्रणयंत्राने टिपलं. त्या भागात आर्चीचा पिळदार शरीराचा, एके काळचा फुटबॉलपटू मित्र समलिंगी निघतो. टीव्हीवर समलैंगिकतेचा उदोउदो चाललाय, एवढंच निक्सनना दिसलं.

मला वाटतं, दोष प्रेक्षकांइतकाच मालिकेच्या घडणीतही आहे. वादात आर्ची तोंडघशी पडतो, पण खुर्ची त्याचीच राहते. घर त्याचं, बिअर त्याची. पुढच्या आठवड्यात तो जसाच्या तसा परत येतो, कारण आला नाही तर मालिकाच बंद पडेल. दर आठवड्याला हरूनही जो हलत नाही, तो त्याच्या चाहत्यांना हरलेला कसा वाटणार? त्यात ओ'कॉनरचा अभिनय इतका जिवंत, की त्या माणसावर राग धरवत नाही. हॉब्सन यांची भीती मला इथे खरी वाटते.

सलग पाच हंगाम ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. एकाच गटाच्या जिवावर एवढं यश मिळालं असतं असं मला वाटत नाही.

लिअर २०२३ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी गेले. शतकानुशतकांची धर्माची शिकवण जिथे द्वेष घालवू शकली नाही, तिथे अर्ध्या तासाची मालिका काय करणार, असं ते म्हणत. त्यांना समाधान वेगळ्याच गोष्टीचं होतं. कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद व्हायचा आणि घरातली माणसं आपसांत वाद घालायला लागायची.