गाडी सेल्फ घेत नाही

नमस्कार श्रोतेहो.

सकाळची वेळ. डबा मागच्या सीटवर ठेवलेला, मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. तुम्ही किल्ली फिरवता आणि कानावर येतं फक्त 'टक्'. पुन्हा फिरवता, पुन्हा 'टक्'. शेजारचे काका गॅलरीतून सांगतात, बॅटरी गेली. वॉचमन म्हणतो, सेल्फ गेला. आणि अजून कुणी बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. ज्याला पुस्तकात स्टार्टर मोटर म्हणतात त्याला आमच्या धंद्यात सेल्फ म्हणतात, तोच शब्द आज वापरतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, शेवटपर्यंत ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. करंट बॅटरीतून सेल्फकडे जातो, तसा तो परत बॅटरीकडे यावाही लागतो. जायची वाट आणि यायची वाट. सगळे जायची वाट बघतात. यायची कुणी बघत नाही.

सेल्फ करतो काय? किल्ली फिरवली की सेल्फच्या पाठीवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच, एक छोटा दातेरी गिअर पुढे ढकलतो. तो जाऊन फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये बसतो. त्याच क्षणी सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे जाड पॉइंट जुळतात, मोटर फिरते, आणि तिच्याबरोबर इंजिन. इंजिन पेटलं की गिअर मागे येतो. दोन-तीन सेकंदांचं काम, पण तेवढ्यात लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढतो. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून घेतात नऊ-दहा. म्हणून 'दिवे लागतायत म्हणजे बॅटरी चांगली आहे' हे म्हणणं खरं नाही. दहा अँपिअर देणारी बॅटरी शंभर देईलच असं नाही.

पूर्वी हे काम माणसाच्या दंडाला करावं लागायचं. अँबॅसेडरला आणि जुन्या जीपला पुढून हँडल मारलेलं तुमच्यापैकी अनेकांनी बघितलं असेल. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून विळखा घालायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने यावर उपाय काढला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना इलेक्ट्रिक सेल्फ बसला. त्याआधी केटरिंग दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्ला विजेवर चालवायला त्यांनी छोटी मोटर वापरली होती, क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं. सेल्फही तसाच. क्षणभर जोर, मग विश्रांती. म्हणून सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, आणि पुन्हा मारायच्या आधी निदान अर्धा मिनिट थांबायचं. दहा सेकंद, मग अर्धा मिनिट. गाडी पेटत नाही म्हणून किल्ली धरून ठेवणारी माणसं बघितली की माझा जीव कासावीस होतो. आतली वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली गुंडाळलेली तांब्याची तार, भाजत असते.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो. वर्ष 1997. मी तेव्हा पाटणला माझ्या उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. गणपतीला दोन दिवस होते आणि कोयनेच्या पट्ट्यात पडतो तसा पाऊस पडत होता. दुपारी एका ट्रकवाल्याने निरोप आणला. घाटमाथ्यावर एक मारुती 800 बंद पडलीय, बायकामुलं आहेत, सेल्फ घेत नाही.

उस्तादांनी चेतक काढली. मी मागे बसलो, मांडीवर हत्यारांची पिशवी, पिशवीवर खताचं रिकामं पोतं. कोयनानगर मागे टाकून वर पोचेपर्यंत दोघांच्या अंगावर कोरडं काही राहिलं नव्हतं. कुंभार्ली घाट जिथे उतरायला लागतो तिथे भज्यांच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या एका टपरीच्या छपराखाली एक प्राथमिक शाळेचे गुरुजी, त्यांची आई, बायको आणि दोन मुलं उभी होती. चिपळूणच्या पलीकडे गावी निघाली होती. गाडीच्या टपावर ताडपत्रीत बांधलेलं मखर.

गुरुजी अगदी रडकुंडीला आले होते. म्हणाले, "मिस्त्री, तीन महिन्यांत दोन सेल्फ बदललेत. दुसरा तर नवा कोरा. बॅटरी मे महिन्यातच घेतलेली आहे. तरी ही दर आठ-पंधरा दिवसांनी अशीच करते." मग म्हणाले, "पुढे उतारच आहे. सोडून देतो, दुसरा गिअर टाकला की चालू होईल."

उस्ताद म्हणाले, "गुरुजी, बंद इंजिनावर या पावसात घाटात गाडी सोडायची नाही. चहा घ्या."

पिशवी उघडलीच नाही त्यांनी. मला आत बसवलं आणि म्हणाले, सेल्फ मार. मी किल्ली फिरवली. आवाज आला तो 'टक्' नव्हता. कुणी आजारी माणसाने कूस बदलावी तसं कण्हून इंजिन पाव वेढा फिरलं आणि थांबलं. उस्ताद म्हणाले, "हेडलाइट लाव आणि परत मार." मी दिवे लावले. धुक्यात दोन पिवळे झोत पडले. सेल्फ मारला, तेच कण्हणं, पण झोत जरासुद्धा मंदावले नाहीत म्हटलं तरी चालेल.

इथे लक्ष द्या, श्रोतेहो. बॅटरी मेलेली असती तर सेल्फ मारताच दिवे विझायला आले असते. सेल्फ आतून जाम असता, तर त्याने करंट भसाभसा ओढला असता आणि तरीही दिवे पडले असते. इथे दिवे ठणठणीत. म्हणजे बॅटरीत करंट आहे आणि सेल्फपर्यंत तो पुरेसा वाहतच नाही. कुठेतरी वाट अडलीय.

मी लगेच बॅटरीच्या प्लसकडून सेल्फकडे जाणारी जाड वायर चाचपली. ती बरोबर होती. उस्ताद म्हणाले, "पोरा, तू जायची वाट बघतोयस. यायची बघ." मग बॉनेटखाली वाकून, जिथून क्लचची केबल पत्र्यातून बाहेर येऊन गिअरबॉक्सकडे जाते, तिथे बोट दाखवलं. "इथे हात लाव. आधी उलटा हात."

मी हाताची मागची बाजू नेली आणि झटकन मागे घेतली. केबल तापली होती. वर गार पाऊस, सगळं बॉनेट थंडगार, आणि ती एक केबल गरम. जवळून बघितलं तर तिच्यावरचं काळं प्लास्टिक एका जागी मऊ होऊन तुकतुकीत झालं होतं, आणि वास येत होता, इस्त्रीखाली नायलॉन आल्यावर येतो तसा.

उस्तादांनी गुरुजींना एवढंच विचारलं, "क्लच जड लागतो का हो?" गुरुजी चकित झाले. "दोन महिने झाले. एकदा केबलही बदलली. तुम्हाला कसं कळलं?"

त्याचं असं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात. रबरातून करंट जात नाही. बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला, आणि सेल्फ बसतो इंजिनावर. मग इंजिनावरून बॅटरीच्या मायनसपर्यंत करंट परत येणार कसा? त्यासाठी एक अर्थिंगची जाड वायर किंवा तांब्याची विणलेली पट्टी असते. ती तुटली की करंट दुसरी धातूची वाट शोधतो, आणि इंजिनाला बॉडीशी जोडणाऱ्या धातूच्या वस्तू म्हणजे क्लचची केबल आणि अॅक्सिलरेटरची केबल. शंभर अँपिअरचं काम त्या बारीक तारेवर पडतं. ती तापते, आतून भाजते, जड होते. हेडलाइटची अर्थ थेट बॉडीला असल्यामुळे दिवे झक्क लागतात आणि सगळ्यांची दिशाभूल होते.

उस्तादांनी पिशवीतून जंपर केबल काढली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाच्या एका उघड्या बोल्टला. मला म्हणाले, मार. अर्ध्या वेढ्यात इंजिन पेटलं. टपरीवाल्याचा झारा हातातच राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग इंजिन बंद करून आम्ही पोत्यावर आडवे झालो. गिअरबॉक्सशी अर्थिंगची पट्टी सापडली. बोल्ट घट्ट होता, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण टोकाच्या थिंबळापाशी, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या कडीपाशी, सगळं तांबं हिरवं पडलेलं, आणि जिथे पन्नास-साठ तारा असायच्या तिथे तीन-चार उरलेल्या. मी बोटाने हलवली, तर तीही तुटून हातात आली.

दोन सेल्फ का बदलले गेले मग? प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये बॅटरी चार्ज करून दिली, खाली हात फिरला, पट्टी जराशी हलून टेकली, गाडी आठ दिवस चालली. सेल्फ निर्दोष होता. दोन्ही वेळा निर्दोष होता.

उस्तादांनी जुन्या बॅटरी केबलचा हातभर तुकडा काढला, दोन्ही बाजूंचा पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईस्तोवर घासला, केबल आवळली, वरून ग्रीस लावलं. सेल्फ सात-आठ वेळा मारून बघितला आणि दरवेळी क्लचच्या केबलला हात लावला. थंड. तरी गुरुजींना बजावून सांगितलं, "घाट सावकाश उतरा आणि चिपळुणात पहिल्यांदा क्लचची आणि अॅक्सिलरेटरची केबल बदलून घ्या. भाजलेली तार आहे, कधी तुटेल, कधी अडकेल, नेम नाही." आम्ही परत निघालो तेव्हा दिवस मावळला होता.

तेव्हापासून माझ्याकडे सेल्फची गाडी आली की मी सेल्फ उतरवायच्या आधी मीटर लावतो. तुमच्याकडे साधा मल्टिमीटर असेल तर तुम्हीही लावा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर यायची वाट खराब आहे, सेल्फला हात लावू नका. बॅटरीच्या दोन खुंट्यांवरही मीटर लावून बघा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली घसरली तर बहुधा बॅटरीच दमलेली असते.

आयटीआयमधून मुलं येतात, हुशार असतात, सर्किट कागदावर बिनचूक काढतात. पण त्यांना कानाने आणि हाताने गाडी तपासायला शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि दुसरं, म्युझिक सिस्टिम बसवताना बॅटरीच्या टर्मिनलमध्ये चार वायरी कोंबून देतात ते बंद झालं पाहिजे. टर्मिनल सैल होतं, आणि भोगतो सेल्फ. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणंही मला पसंत नाही. ते पाणी सोलेनॉइडच्या जोडापर्यंत जातं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून आवाज भराभर सांगतो. भराभर 'कट-कट-कट-कट' आलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. आधी टर्मिनल हाताने हलवून बघा, पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून आवळा. एकच दमदार 'टक्' आणि पुढे शांतता, दिवे ठणठणीत, तर सोलेनॉइडचे पॉइंट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजलेत. अशा वेळी सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं की कार्बन बसतात आणि गाडी एखाद-दोनदा चालू होते. ते घरी पोचण्यापुरतं. दुसऱ्या दिवशी कार्बन बदलून घ्या, त्यासाठी अख्खा सेल्फ बदलावा लागत नाही. मोटर 'सुँऽऽ' करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे तो पुढे जाणारा दातेरी गिअर, गेला. 'खर्रर्र' असा दात घासल्याचा आवाज आला तर पुन्हा सेल्फ मारू नका, रिंगचे दात जातील, आणि रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काहीच आवाज नाही, टक् सुद्धा नाही, तर फ्यूज, रिले आणि किल्लीचा स्विच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर पी किंवा एनमध्ये आहे का बघा. नव्या गिअरच्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि एक, हे नीट ऐका. किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला, थांबेना, तर आतले पॉइंट चिकटलेत. किल्ली बंद करून उपयोग होत नाही. अशा वेळी धूर यायची वाट बघायची नाही, बॅटरीचा मायनस काढायचा. मायनस, प्लस नाही. बहुतेक गाड्यांत त्याला दहा नंबरचा पाना लागतो. तो पाना डिकीत तळाशी ठेवू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा.

नमस्कार.