गोळी घरी गेल्यावर

मंडळी, डॉक्टरकीतले अनुभव सांगा, असा ऐसपैस विषय मला मिळाला आहे. मी त्यातलं एकच उचलतो: दवाखान्यातून निघालेलं औषध घरी गेल्यावर त्याचं काय होतं? मी या व्यवसायात जे शिकलो, त्यातलं बरंचसं हे विचारताना सापडलं.

करवीर तालुक्यातले एक शेतकरी मधुमेहासाठी यायचे. इन्सुलिनचा डोस वाढत चाललेला, साखर मात्र कधी 300, कधी 70. पथ्य चोख. गूळसुद्धा सोडलेला, आणि गुऱ्हाळ घरचं असताना गूळ सोडणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मी म्हटलं, “मामा, इंजेक्शन घेता कसं, ते जरा करून दाखवा.” त्यांनी सदरा वर केला आणि सुई बेंबीच्या डाव्या अंगाला नेली. तिथं हात लावला, तर कातडीखाली लिंबाएवढी मऊ गाठ. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांना लागली.

“हितंच का टोचता?”

“हितं दुखत न्हाई, डॉक्टर. दुसरीकडं लई चुणचुणतंय.”

एकाच जागी रोज टोचलं की तिथली चरबी वाढते आणि दुखणं कमी होतं. दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो. त्या गाठीतून इन्सुलिन सरळ रक्तात जात नाही. कधी अडकून राहतं, कधी एकदम उतरतं. आम्ही जागा बदलली, पण आधी डोस कमी केला. चांगल्या जागेतून तेवढंच इन्सुलिन गेलं असतं, तर साखर धोक्याइतकी खाली आली असती. आता पोट चाचपल्याशिवाय मी कुणाचाही डोस वाढवत नाही.

दुसरी सवय पिशवीची. चिठ्ठी आणू नका, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा आणि टेबलावर ओता, असं मी सांगतो. मग काय काय बाहेर पडतं! ॲम्लोडिपिन ही बीपीची एकच गोळी, पण दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावानं दिलेली; आजी दोन्ही घेतात. त्यानं पायावर सूज येते, म्हणून सूज उतरवायची तिसरी गोळी. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक, जी बीपी चढवते आणि मूत्रपिंडालाही सोसत नाही. लोहाच्या गोळ्या जवळजवळ भरलेल्याच. घेतल्या तर सकाळच्या चहाबरोबर. चहामुळे लोह अंगी लागत नाही. तीच गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लागतं. कुठलीही महागडी तपासणी हे दाखवत नाही.

1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. नातेवाईक ते रुग्णांना पाजू लागले. 30 टक्क्यांच्या घरातला मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. उपचार घरच्यांच्या हाती देता येतो, हे त्यांनी दाखवलं. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण अशा पाण्याचं, म्हणजे जुलाबात पाजतात त्या ओआरएसचं, माप आज घरोघरी चुकतं. लिटरभर पाण्याचा मोठा पुडा एका पेल्यात कालवतात, किंवा चिमूट चिमूट टाकतात. दाट झालं तर बाळाला अपाय, पातळ झालं तर उपयोग कमी. म्हणून मी आईला विचारतो, “ताई, घरात लिटरचं भांडं कोणतं?” बहुतेक वेळा पाण्याची बाटली निघते. मग पुडा त्या बाटलीत, एकदम.

2019 आणि 2021 च्या महापुरानं आणखी एक गोष्ट शिकवली. चिखली-आंबेवाडीकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. औषधं, कागद, सगळं पाण्यात. “पांढरी गोल गोळी हुती” एवढ्यावर उपचार कसा करायचा? पंचगंगेचं पाणी चढायच्या आधी, आजच, चिठ्ठीचा आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. वीज गेली म्हणून इन्सुलिन टाकून देऊ नका. वापरातली बाटली साधारण महिनाभर फ्रीजबाहेर सावलीत राहते. फार उकडत असेल तर पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूच्या माठात ठेवा. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही.