सॉससाठी काळे टमाटर: रंग सालीत की गरात?

नमस्कार मंडळी. बचत गटाच्या ताईंनी मला विषय दिला तो असा: घरच्या सॉससाठी काळ्या टमाटरची कोणती जात लावावी? जातींची नावं सांगतेच, पण आधी या ताटातले दोन टमाटर बघा. पहिला जांभळट-काळा, चकचकीत. दुकानात ठेवला तर सगळ्यांची नजर त्याच्यावरच जाईल. हा चिरते. आत काय दिसतं? साधा लाल गर. काळेपणा सालीपुरता आहे, आणि तोही जिथं ऊन लागलं तिथंच. देठाच्या पाकळ्यांनी झाकलेली जागा बघा, तिथं काळा डागही नाही. आता हा दुसरा. वरून तितका काळा नाही, मळकट विटकरी आहे आणि खांद्याशी हिरवट. मागच्या रांगेतल्या काकू म्हणतील, हा कच्चाच आहे. पण चिरला की गर थेट आतपर्यंत गडद, आणि बियांभोवतीचा रस हिरवा. सॉससाठी आपल्याला हा दुसरा हवा.

दोघांचा काळेपणा वेगवेगळ्या कारणांनी येतो. पहिल्यात अँथोसायनिन आहे, जांभळात असतं तेच रंगद्रव्य. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठानं रानटी टमाटरशी संकर करून काढलेली ‘इंडिगो रोझ’ ही या प्रकारातली गाजलेली जात, २०१२ च्या सुमाराची. सॉस करताना आपण साल काढून टाकतो, म्हणजे ज्या रंगासाठी ते बी आणलं तो रंग चोथ्याबरोबर उकिरड्यावर जातो. कोशिंबिरीत ही जात शोभते, खुशाल लावा. सॉससाठी मात्र तिच्यावर वावर अडवू नका.

दुसऱ्या प्रकारात फळ पिकतं, लाल रंग म्हणजे लायकोपीन भरतं, पण हिरवा रंग जात नाही. साध्या टमाटरात पिकताना हरितद्रव्य मोडून जातं, यांच्यात एका जनुकाच्या बदलामुळं ते टिकून राहतं. लाल आणि हिरवा एकत्र आले की हा चॉकलेटी रंग दिसतो. ‘ब्लॅक क्रिम’ ही क्रिमियाकडची जात याच घराण्यातली. ‘चेरोकी पर्पल’ अमेरिकेतल्या टेनेसीची, तिचं बी १९९० मध्ये एका हौशी बागायतदाराच्या हाती आलं आणि त्यानंच तिला हे नाव दिलं. रशियाकडची एक जात ‘पॉल रोबसन’ म्हणून ओळखली जाते, त्या थोर कृष्णवर्णीय गायकाच्या नावानं. आपल्या भूपेन हजारिकांवर ज्यांचा प्रभाव होता तेच रोबसन. एका गायकाचं नाव जगभरच्या परसबागांत असं रुजावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या तिन्ही जातींची चव गोडसर, भरीव, आंबटपणा कमी जाणवणारी. पण तिन्ही मोठ्या फळांच्या, रसाळ, आणि सॉसवालीची पंचाईत इथंच होते. टमाटरात शंभर भागांत चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणी असतं. १० किलो टमाटरात पाच टक्के घन भाग धरला तर हाती अर्धा किलो ऐवज, साडेसहा टक्के धरला तर साडेसहाशे ग्रॅम. हे दीडशे ग्रॅम म्हणजे तुमच्या चुलीवरचा वेळ आणि जळणारं सरपण. म्हणून नुसत्या रसाळ काळ्या टमाटरचा सॉस करायला बसलात तर आटवता आटवता संध्याकाळ होईल, आणि जास्त वेळ उकळल्यानं ज्या चवीसाठी एवढं केलं तीच उडून जाईल.

माझं मत विचाराल तर मिसळ करा. दोन भाग गरदार, लांबट किंवा टणक लाल टमाटर आणि एक भाग काळे. गरदारमध्ये ‘रोमा’ आहे. बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण आहे. त्याची फळं टणक, प्रक्रियेला चालणारी, आणि पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो तोंड देतो. दाटपणा याच्याकडून घ्यायचा, चव काळ्याकडून. काळ्यातच लांबट फळ हवं असेल तर ‘ब्लॅक प्लम’ बघा. फळ लहान आहे, तोडणीला हात जास्त लागतात, पण सॉसला बरी.

रोगाचं मुद्दाम बोलते. या जुन्या काळ्या जातींना पर्णगुच्छाविरुद्ध कसलीही ढाल नाही. हा रोग पांढरी माशी पसरवते, आणि पांढरी माशी कपाशीवरही असते. आपल्याकडे टमाटरच्या वाफ्याला चारही बाजूंनी पऱ्हाटीच. तेव्हा रोपं बारीक जाळीखाली वाढवा. पानं आकसून वर वळलेलं झाड दिसलं की जीव न लावता उपटा.

लावायचं कधी, हे जातीइतकंच महत्त्वाचं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की फूल गळतं. फळ धरलेलं असलं तरी ३०-३२ च्या पुढं लायकोपीन नीट तयार होत नाही, म्हणून आपल्याकडचा एप्रिलचा टमाटर पिवळट-नारिंगी दिसतो. काळ्या जातीत लाल कमी पडला की उरतो नुसता मळका हिरवट रंग. ऑगस्टमध्ये रोपं टाका, सप्टेंबरात गादीवाफ्यावर लावा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी तोडा चालतो. गादीवाफा हवाच, कारण आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात. झाडं उंच वाढतात, तुराट्या पुरणार नाहीत, बांबू लागतील. पाणी एकसारखं द्या. आठ दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं केलं तर ब्लॅक क्रिमसारखी फळं देठापासून तडकतात आणि बुडाशी काळी पडून सडतात. आणि खांदा लाल होण्याची वाट बघत बसू नका, तो हिरवटच राहतो. बूड गडद झालं, बोटाला किंचित दबलं की तोडा.

आता चुलीकडं या. टमाटर चिरला की त्यातली विकरं म्हणजे एन्झाइम कामाला लागतात आणि पेक्टिन, म्हणजे सॉसला दाटपणा देणारा घटक, तोडतात. पेक्टिन तुटलं की सॉस पाणचट होतो, वर पाणी वेगळं दिसतं. म्हणून सगळे चिरून पातेलं भरून ठेवायची सवय सोडा. आधी स्टीलचा पसरट गंज तापू द्या, चार-पाच टमाटर चिरून लगेच त्यात टाका, सराट्यानं ठेचा, उकळी फुटली की पुढचे थोडेथोडे घाला, उकळी मोडू न देता. अॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट पदार्थ त्याला खातो. नरम झालं की बारीक जाळी लावून पुरणयंत्रातून काढा. साल आणि बी मागं राहू द्या, पण बियांभोवतीचा तो बुळबुळीत रस मुळीच फेकू नका. जिभेला भरल्यासारखी चव देणारं ग्लुटामेट गरापेक्षा त्या रसात जास्त असतं. मग आटवा. झालं की नाही हे बघायला थंड ताटलीत एक थेंब ठेवा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून वेळ आहे.

रंग लालभडक येणार नाही. झाकण ठेवून जास्त शिजवलेला पालक जसा शेवाळी पडतो, तसं इथलं हरितद्रव्य आंबटात शिजून तपकिरी होतं. सॉस विटकरी-तपकिरी दिसेल. कृपा करून त्यात रंग घालू नका. गिऱ्हाईकाला चमचाभर चाखायला द्या आणि सांगा, हा असाच असतो.

सांबार म्हणजे कोथिंबीर आणि लसूण घालून बाटल्या भराव्या का, असं एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय. नको, ताई. काळ्या टमाटरात आंबटपणा कमी जाणवतो, आणि टमाटरचा पीएच तसाही ४.६ च्या आसपास घोटाळतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका वर तितका आंबटपणा कमी. त्या रेषेच्या वर गेला तर बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि ते ना दिसतं ना वासाला येतं. लसूण, कांदा, हिरवी मिरची, सांबार यांत आम्ल नसल्यासारखंच, त्यानं धोका वाढतो. बाटलीत नुसता टमाटर भरा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला पाव लहान चमचा सायट्रिक अॅसिड घाला. लिंबू पिळलं तर त्याचा आंबटपणा दर फळाला बदलतो, म्हणून मी सायट्रिक अॅसिडच सांगते. झाकण लावून बाटल्या पूर्ण बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटं ठेवा. फोडणी, लसूण, भिवापुरी मिरचीचं तिखट हे सगळं बाटली उघडल्यावर, खायच्या दिवशी. तेव्हा चमचाभर फल्लीतेलही पडू द्या, लायकोपीन तेलाबरोबर अंगी जास्त लागतं.

बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. या काळ्या जाती संकरित नाहीत आणि टमाटरचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं. जे झाड निरोगी राहिलं, ज्याचा गर आतपर्यंत गडद निघाला, त्याचंच बी धरा. रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, धुवा, सावलीत वाळवा. अर्का रक्षकाचं मात्र धरू नका, तो संकरित आहे, पुढच्या पिढीत गुण फुटतात. त्याचं पाकीट नवंच आणा.