झाकणाच्या आतली बाजू

(पडदा काळा. फक्त आवाज.)

आधी नुसतं ऐका.

ही टिकटिक नाही. किरकिर म्हणा फार तर, रातकिड्यासारखी, पण मोजून-मापून केलेली. सेकंदाला सहा ठोके, तासाला 21,600. एका छोट्या मायक्रोफोनवर घड्याळ टेकवलंय. त्या यंत्राला टाइमग्राफर म्हणतात. ठोके ऐकून ते सांगतं, हे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे जाईल किंवा मागे पडेल. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच, फक्त रोग्याला 'श्वास घ्या' म्हणावं लागत नाही.

(दोन हात. चिमटा. पांढऱ्या कागदावर सुटी केलेली चकती, काटे, काच.)

हे हात एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याचे. घर इंदूरला, लोकमान्य नगरात. या फिल्ममध्ये त्यांचा चेहरा दिसणार नाही आणि नावही येणार नाही. अट त्यांचीच. "हात दाखवा, घड्याळं दाखवा, मला कशाला दाखवून राहिलात? उद्या गल्लीतली पोरं म्हणतील, काका नकली माल ठेवतात." म्हणून आम्हीही त्यांना काकाच म्हणणार.

काकांकडे अशी अकरा घड्याळं आहेत. डायलवरची नावं खरी मानली तर या टेबलावर एक बऱ्यापैकी फ्लॅट मांडून ठेवलाय. त्यातलं एकही खरं नाही. हे काकांना ठाऊक आहे, काकूंनाही ठाऊक आहे. काकू त्यांना 'तुमचं सोंगांचं कपाट' म्हणतात.

पहिलं घड्याळ भाच्याच्या मुंजीत आलं. दुबईहून आलेल्या एका नातलगानं सगळ्यांसमोर काकांच्या मनगटावर चढवलं. काळं बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, पोलादी चेन, डायलवर रोलेक्स सबमरीनर. मांडवात कौतुक झालं. काकांना त्या नातलगाचा पगार साधारण माहीत होता, बँकेत नोकरी होती ना. ते गप्प बसले आणि घड्याळ वापरत राहिले. वर्षभरानं ते बंद पडलं.

राजवाड्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं. "काका, फर्स्ट कॉपी है. पार्ट कहाँ से लाऊँ? जब तक चली, चली."

इतकं झाल्यावर बहुतेक माणसं ते घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकतात. काकांनी नातवाचा रबरी चेंडू घेतला, मागच्या झाकणावर दाबून धरला आणि डावीकडे फिरवला. झाकण सुटलं. ही युक्ती घड्याळजींच्या जगात जुनीच आहे, पण काकांनी ती स्वतःची स्वतः शोधली. अजूनही त्याचा अभिमान त्यांच्या आवाजात ऐकू येतो.

(झाकण उघडतं. रोटर हलतो.)

आत काय होतं? आत निघालं ईटीए 2824 या स्विस मशीनचं चिनी रूप. तासाला 28,800 ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. तेल जवळजवळ नाहीच, एका चाकावर बारीक धातूचा कीस. साफ केलं, तेल दिलं आणि ते चालू झालं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या छंदातली मजेची गाठ इथंच आहे. ते मशीन नकली नव्हतं. 2824 हे इतकं जुनं डिझाइन आहे की त्याची पेटंटं केव्हाच संपली. स्वित्झर्लंडमधली सेलिटा कंपनी त्याच आराखड्यावर एसडब्ल्यू 200 बनवते. चीनमध्ये सी-गलचं एसटी 2130 त्याच घराण्यातलं. सगळं उजळ माथ्यानं, आपापल्या नावानं विकलं जातं. म्हणजे काकांच्या हातात जे पडलं होतं त्यात पोलाद खरं, काच खरी, चाकं खरी, स्प्रिंग खरी. खोटं होतं ते डायलवरचं एक छापील नाव आणि रोलेक्सची मुकुटाची खूण. तांदळाच्या दाण्याएवढी शाई.

सेकंद काटा सरकत जातो की टिकटिक उड्या मारतो, यावरून खरं-खोटं ओळखणारे लोक लग्नाच्या पंगतीत हमखास भेटतात. त्यांना आदरानं हो म्हणावं आणि जिलेबी वाढावी. सरकणारा काटा एवढंच सांगतो की आत बहुधा साधी बॅटरीवाली यंत्रणा नाही. बाकी काही सांगत नाही.

पुढची सहा वर्षं काकांनी एकच उद्योग केला. नकलीला असलीच्या जवळ न्यायचं. या मंडळींच्या भाषेत त्याला मोड करणं म्हणतात.

तारखेवरची फुगीर काच घ्या. रोलेक्सची ती काच तारीख अडीच पट मोठी दाखवते. स्वस्त कॉपीत ती जेमतेम दीड पट, तारीख खिडकीत दबकून बसल्यासारखी. काकांनी काच बदलली. मग बेझलमधली चकती बदलली. मग काट्यांवरचं चमकतं द्रव्य. आपण सगळे त्याला अजून रेडियमच म्हणतो, पण आजच्या घड्याळात रेडियम नसतं. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड असते, दिवसा उजेड पिऊन रात्री परत देणारी. ती लाखेसारख्या द्रवात कालवून इन्सुलिनच्या सुईच्या टोकानं भरायची. थेंब जास्त झाला की काटा फुगतो, कमी झाला की मधे खड्डा. काकांनी पहिले तीन काटे वाया घालवले. चौथा जमला त्या रात्री घरातले सगळे दिवे घालवून काकूंना उठवलं. काकूंनी अंधारात पाहिलं, "छान आहे, आता झोपा" म्हटलं आणि त्या परत झोपल्या.

खर्चाचा हिशोब काकांनी एका वहीत ठेवलाय, बँकेतल्या अक्षरात. त्या मुंजीतल्या फुकट घड्याळावर आतापर्यंत जितके पैसे गेलेत तितक्यात एक चांगलं, स्वतःच्या नावाचं जपानी ऑटोमॅटिक आलं असतं. ते पान दाखवताना त्यांनी हातानं बेरीज झाकली.

(मोटारसायकलवरून रस्ता. पिवळी कमान, मागे झाडी. माणिकबाग.)

कायद्याचं बोलायला हवं. आणि ते बोलायला इंदुरात माणिकबागेइतकी चांगली जागा नाही. 1930च्या दशकात यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून हा महाल करून घेतला. त्या काळी युरोपातही नवं वाटेल असं फर्निचर इथं आलं. आज त्याच महालात जीएसटी आणि कस्टमचं कार्यालय आहे. उंची वस्तूंच्या शौकिनाच्या घरात आता उंची वस्तूंवर लक्ष ठेवणारं खातं बसतं.

व्यापारचिन्ह कायदा 1999 चा. त्यातली 103 आणि 104 ही कलमं खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला लागू होतात. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. विकण्यासाठी जवळ बाळगणाराही त्यात सापडतो. काकांनी आजवर एकही घड्याळ विकलेलं नाही, हे त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं.

मी विचारलं, "काका, पण तुम्ही विकत घेता. तो पैसा नकली नाव छापणाऱ्याच्याच खिशात जातो ना?"

चिमटा थांबला. टाइमग्राफर चालूच होता. मग ते म्हणाले, "जातो. मी काय साधू आहे का?" आणि पुढच्या स्क्रूकडे वळले. हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. फिल्ममध्ये ते तसंच ठेवलंय.

(एक जुनं घड्याळ. निळं डायल.)

हे बारावं. कपाटातलं एकमेव खरं. एचएमटी जनता, चावीचं, 17 ज्वेल्सचं, म्हणजे आत चाकांच्या टेकूला सतरा बारीक खडे. काकांच्या वडिलांचं. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. मधल्या काळात या देशातल्या किती जावयांच्या मनगटावर ते चढलं, याची मोजदाद कोण करणार!

वडील गेल्यावर काकांनी हे सर्व्हिसिंगला दिलं. डायल पिवळं पडलं होतं, कडेला बुरशीचे ठिपके. दुरुस्तीवाल्यानं न विचारता ते रंगवून दिलं. पांढऱ्याचं आकाशी झालं, आकडे जाड झाले आणि एचएमटीची अक्षरं जराशी तिरकी. परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या जुन्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि कौतुकानं नाही म्हणत. काकांनी त्या दिवशी पैसे दिले, पावती घेतली, घरी आले आणि जेवले नाहीत.

"ते मुंजीतलं खोटं, पण ते पहिल्या दिवसापासून खोटं. हे खरं होतं. याला खोटं केलं."

सराफ्यात रात्री चित्रीकरण करताना मला हे वाक्य परत परत आठवत होतं. दिवसा सोन्याची दुकानं, शटर पडली की त्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. कुणाचीही फसवणूक होत नाही, कारण अख्ख्या इंदूरला दोन्ही चेहरे माहीत आहेत. राजवाड्याच्या मागच्या भागाचंही तेच. 1984च्या आगीत तो जळला, पुढे पुन्हा उभा केला. नवा आहे हे लपवून ठेवलेलं नाही, म्हणून त्याला कुणी नकली म्हणत नाही.

आता जरा जिनिव्हाला जाऊ. नोव्हेंबर 2021 मध्ये फिलिप्स या लिलावघराच्या लिलावात 1957चं एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. स्पीडमास्टरचा तोवरचा विक्रम. घेणारी होती ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी. आणि 2023 मध्ये कंपनीनं स्वतःच सांगितलं की ते घड्याळ जुळवलेलं होतं. वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून एक इतिहास उभा केलेला, आणि त्यात कंपनीच्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

ही बातमी काकांना त्यांच्या मुलानं मोबाइलवर पाठवली. गंमत म्हणून. काकांना त्या रात्री गंमत वाटली नाही. त्यांनी अकराही घड्याळं टेबलावर मांडली. मुलगा पुण्यात असतो, त्याला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. आपल्या पश्चात हे कपाट तो उघडेल, डायल वाचेल आणि काय समजेल? तोवर इतकी मेहनत घेतली होती, काच, चकती, काटे सगळं इतकं जवळ नेलं होतं, की भिंगाशिवाय पाहणारा सहज फसेल. आणि आधीच्याच महिन्यात एका लग्नात कुणीतरी काकांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "देता का? दोन लाख रोख देतो."

"मी नाही म्हटलं. माझा पोरगा नाही म्हणेल कशावरून? त्याला तर खरंच वाटेल."

तेव्हापासून कामाची दिशा उलटी झाली.

(चकती. साधं काळं डायल, कोणतंही नाव नाही.)

आज टेबलावर आहे तेच मुंजीतलं घड्याळ. त्यातलं मशीन काढून काका सेकोचं एनएच 35 बसवताहेत. 24 ज्वेल्स, चावी दिली की साधारण 41 तास चालणारं, जगभरच्या मोडवाल्यांचं आवडतं. तुम्ही सुरुवातीला ऐकलेली किरकिर याचीच. केस, म्हणजे बाहेरचं पोलादी कवच, तेवढी जुनी. डायल नवीन, कोरं. नाव नाही, मुकुट नाही.

सोपं काही नाही. जुन्या डायलचे पाय या मशीनच्या भोकांत बसत नाहीत, नवं डायल त्यासाठीच मागवावं लागलं. तास काटा आणि मिनिट काटा जुनेच चालले, दोन्ही मशीनचं माप एक आहे: दीड मिलिमीटर आणि 0.9 मिलिमीटर. सेकंद काट्यानं दगा दिला. जुन्याचं भोक 0.25, नव्याचा खुंटा 0.20. पाच शतांश मिलिमीटरचा फरक. काटा बसतो, चांगला बसलासा वाटतो, आणि मनगट हलवलं की डायलवर आडवा पडतो. आमच्यासमोर तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा काका जे बोलले ते आम्ही कापलंय.

जुनं डायल त्यांनी फेकलं नाही. गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत ठेवलंय, सोबत आणखी चार. नष्ट का करत नाही विचारलं तर म्हणाले, "बघू."

(झाकण उलटं. आतली बाजू. भिंगातून.)

घड्याळजींची एक जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईनं बारीक खूण करायची: तारीख, आपली अक्षरं. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. गिऱ्हाईकाला ती कधी दिसत नाही. वडिलांच्या एचएमटीत अशा चार खुणा आहेत, चार वेगवेगळ्या हातांच्या.

काका आता सुई घेतात. पोलाद कठीण आहे, सुई घसरते, ओळ वाकडी होते. अकरापैकी सात झाली, हे आठवं. अक्षरं देवनागरी, बँकेच्या वहीतलीच. आधी तारीख. मग 'मशीन बदलले'. मग खाली, बाकीच्यापेक्षा जरा मोठं, 'केस नकली'.

फुंकर मारून ते कीस उडवतात. रबरी चेंडू दाबून झाकण उजवीकडे फिरवतात.