गल्ल्यातली तूट आणि नोकराचा पगार

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवरचे कापड दुकान असो, लक्ष्मीपुरीतली धान्याची पेढी असो की शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतले भांडार, हिशोबात तूट निघाली की ती सगळ्या नोकरांच्या पगारातून सारखी कापून घ्यावी, असा मोह मालकाला होतो, कारण मग चोर शोधावा लागत नाही. पाच जणांत हजार रुपयांची तूट वाटली, तर पैसे चोरणारा दोनशे भरून आठशे पचवतो आणि ते आठशे उरलेले चौघे, काहीही दोष नसताना, आपल्या तुटपुंज्या पगारातून भरतात. प्रामाणिक राहण्याचा तोटा आणि चोरीचा फायदा असा दर महिन्याला हातात पडू लागला, तर त्या चौघांनी किती काळ तग धरावा?

अमेरिकेतील संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधील अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो. एका कंपनीने आपल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांपुरता पगार १५ टक्क्यांनी कमी केला. कामगार तेच होते, तरीही या काळात चोरी वाढली. मात्र जिथे कपातीचे कारण सविस्तर आणि आपुलकीने समजावून सांगितले, तिथे ती बरीच कमी राहिली. म्हणजे चोरीमागे गरज असते तशी अन्यायाची चीडही असते.

गॅरी बेकर आणि जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये असे मांडले, की पकडले गेल्यावर गमवावे लागेल असा चांगला पगार आणि निवृत्तीची रक्कम हाती असली, की माणूस सहसा गैरमार्गाला जात नाही. पाच वर्षे भरू नयेत म्हणून नोकराला मध्येच कागदोपत्री काढून पुन्हा घेणारा मालक ग्रॅच्युइटीचे पैसे वाचवतो, पण हा आधारही स्वतःच मोडतो.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते तेच २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: ज्या व्यक्तीच्या पगारातून तूट कापायची, माल किंवा रोकड त्या व्यक्तीकडे सोपवलेली हवी, नुकसान तिच्याच हयगयीने झालेले हवे आणि कपातीपूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेतलेले हवे. म्हणून पाळी बदलताना गल्ला दोघांनी मिळून मोजावा, रक्कम वहीत लिहावी आणि दोघांनी सही करावी. तरीही सरसकट कपात होत असेल, तर कामगार विभागाच्या कोल्हापुरातील कार्यालयात लेखी तक्रार करता येते.