शेवटच्या अंकापासून सॉर्ट

हे जे खडखड करत पंच कार्डं (भोकं पाडून माहिती नोंदवलेली कार्डं) गिळतंय ना, ते आयबीएमचं ०८२ सॉर्टर, म्हणजे कार्डं क्रमाने लावणारं मशीन, १९४० च्या दशकातलं, स्पीड मिनिटाला ६५० कार्डं. कार्डावर ८० कॉलम, पण मशीन एका फेरीत एकच कॉलम वाचतं आणि कार्ड १३ पैकी एका खणात टाकतं, म्हणजे ६ आकडी नंबरावर लावायचं तर गठ्ठा ६ वेळा फिरवायचा. आणि गंमत म्हणजे सुरुवात डावीकडून नाही, एकक स्थानापासून! प्रत्येक खणात आधीच्या फेरीचा क्रम तसाच टिकतो, त्यामुळे दशक, शतक करत शेवटच्या फेरीला सगळा गठ्ठा लागलेला असतो. १० हजार कार्डांना नुसतं मशीनच दीड तास चालणार. मध्येच गठ्ठा हातातून पडला तर विचारूच नका.

आता लॅपटॉपवर या. १० लाख रो (ओळी), तालुका, नाव, तारीख, असे ३० कॉलम. बबल सॉर्ट (शेजारच्या दोन-दोन रो तपासून अदलाबदल करत जाणारी पद्धत) लावलात तर जवळपास ५० हजार कोटी तुलना, मर्ज सॉर्टला (छोटे भाग लावून ते एकत्र जोडत जाणारी पद्धत) २ कोटीच्या आसपास पुरतात, आणि तो गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९४५ मध्येच मांडलेला.

पण अल्गोरिदम भारी असूनही प्रोग्राम रखडतो. का? आख्खी रो इकडून तिकडे उचलत बसतो म्हणून. अरे गरजच काय! रोचा नंबर आणि ज्यावर लावायचंय ती किंमत, म्हणजे ‘की’ (key), एवढंच सॉर्ट करा, टेबल राहू दे जागेवर. ही ‘की’ पण आधी एकदाच काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक तुलनेला तीच तारीख परत पार्स (मजकुरातून वाचून तारखेत रूपांतर) होत राहते आणि वर आपण म्हणणार पायथन स्लो आहे.

तालुक्यानुसार आणि तालुक्यात नावानुसार हवंय? आधी नावावर लावा, मग तालुक्यावर. हो, उलटंच, कार्डांसारखं. पायथनमध्ये हे बिनधास्त चालतं, कारण त्याची सॉर्ट पद्धत, म्हणजे टिम पीटर्सचा २००२ चा टिमसॉर्ट, सारखीच ‘की’ असलेल्या रोंचा क्रम मोडत नाही, शिवाय डेटात आधीच लागलेले पट्टे असतील तर ते ओळखून तसेच वापरतो. साध्या क्विकसॉर्टमध्ये (आणखी एक सॉर्ट पद्धत) क्रम टिकण्याची ही गॅरंटी नाही.

आणि फाइल रॅममध्ये मावतच नसेल तर? मावेल तेवढा तुकडा उचलायचा, लावायचा, डिस्कवर लिहायचा, असे सगळे तुकडे झाले की प्रत्येकाची फक्त पहिली रो समोर ठेवून त्यातली सगळ्यात लहान ती काढत जायचं. टेपच्या जमान्यातही असंच चालायचं. आजही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखाद्या मोठ्या क्वेरीला एक्सप्लेन अॅनलाइज (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) लावून बघा, मेमरी कमी पडली की सॉर्ट मेथडपुढे ‘एक्स्टर्नल मर्ज’ असं लिहून येतं, आणि डिस्कवर किती जागा खाल्ली तेही.